पिराच्या टेकडीवरची पाल

उन्हाळी परीक्षा आल्या की अमरावतीत दोन गोष्टी हटकून होतात. कूलरच्या वाळ्याच्या टाट्या बदलायला माणूस मिळत नाही आणि मला पेपर तपासायच्या ड्युटीचं पत्र येतं. मग भर एप्रिलात, तोंडाला ओला रुमाल गुंडाळून मी मूल्यमापन केंद्रावर जाते, लाल पेनाचं टोपण काढते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचं प्राणिशास्त्र वाचते. बाहेर कडुनिंब फुललेला असतो. त्याचा कडवट-गोड वास खिडकीतून येतो, आणि त्या वासानं माझं डोकं दुखतं. पूर्वी दुखत नव्हतं. सात वर्षांपासून दुखतं.

परवा एका गठ्ठ्यात दोन पेपर लागोपाठ हाती आले. पहिल्यात लिहिलं होतं, बेडकाच्या हृदयाला साडेतीन कप्पे असतात. साडेतीन! अरे बाबा, भाड्याच्या खोल्या आहेत का त्या? दुसरा पेपर उघडला, तर तिथंही साडेतीनच. बाजूला बसलेल्या वानखडे सरांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, "हे दोघं एकाच बेंचवरचे हायेत मॅडम. डोळे मिटून सांगतो."

बरोबर उत्तरांवरून काहीच कळत नाही. बेडकाचे तीन कप्पे शंभर पोरं लिहितील, त्यावरून कोण कोणाच्या मागे बसलं होतं हे ओळखता येत नाही. ओळख पटते ती चुकीवरून. तीच चूक, त्याच जागी, दोघांकडे असली की समजायचं, हे एकमेकांपासून निघालेत नाहीतर दोघं मिळून तिसऱ्यापासून. आम्ही प्राण्यांची नाती लावतो ती जवळपास अशीच. प्रत्येक जीव आपल्या अंगातला डीएनएचा चार अक्षरांचा मजकूर पोरांना उतरवून देतो, आणि उतरवताना कुठं ना कुठं हात चुकतो. चुकलेलं अक्षर पुढच्या पिढीतही तसंच जातं. दोन पालींच्या शेपटीची टोकं घ्या, मजकूर वाचा, शेजारी ठेवा. सारख्या चुका जितक्या जास्त, तितकं नातं जवळचं. त्यातून झाड निघतं, फांद्यांचं.

हे मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. पहिल्या फटक्यात समजलेली पोरगी एकच. शाहीन. माझ्याकडे पीएच.डी.ला होती. पातूरच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी तिचं गाव. मी फळ्यावर फांद्या काढत होते, तर मागून म्हणाली, "म्हणजे मॅडम, जे चुकलं तेच वारशात भेटते." साऱ्या वर्गानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं.

साडेतीन कप्प्यांवर हसून झालं आणि वानखडे सर चहाचा कागदी कप खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमची ती शाहीन. तिचे अब्बा गेले नं. दिवाळीच्या मागंपुढं. तुमाले नाई समजलं?"

नाही समजलं. मला कोण सांगणार होतं?

त्या दिवशी उरलेले पेपर मी कसे तपासले, देव जाणे. म्हणजे मी देव मानत नाही, पण ज्यांचे ते पेपर होते त्या पोरांची काळजी वाटते म्हणून म्हटलं.

सात वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा असाच होता. परीक्षा चालू, आणि मधल्या सुट्ट्यांमध्ये मी आणि शाहीन पाली शोधत हिंडत होतो. धारणीकडे जीपमध्ये अठरा माणसांत कोंबून गेलो, पातूरच्या लेण्यांजवळच्या खडकांत गेलो, माळरानं पालथी घातली. वऱ्हाडचा हा काळा खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांत बोटभर लांबीच्या तपकिरी पाली राहतात. दिवसभर आत, उन्हं कलली की बाहेर. शाहीनचा हात इतका हलका की पालीला कळायच्या आत मुठीत. शेपटीचं टोक तेवढं कापायचं, स्पिरिटच्या कुपीत टाकायचं आणि पालीला तिच्या भेगेत सोडून द्यायचं. शेपटी पुन्हा येते. घामानं दोघींच्या ओढण्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. आम्ही बाटलीतलं कोमट पाणी घोट घोट वाटून प्यायचो आणि मी तिला म्हणायचे, हे असलं काम करायला माणूस जरा खुळाच लागतो.

तिचे अब्बा गाद्या भरायचे. घरासमोर पत्र्याचं छप्पर, त्याखाली कापसाचा ढीग, आणि त्यांच्या भुवयांवर, दाढीवर, कानांच्या पाळ्यांवर रुईचा भुगा. मी गेले की हात झटकत उठायचे आणि खाटेवर नवी कोरी गादी टाकायचे, जी दुसऱ्या दिवशी कोणाच्यातरी लग्नात जायची असायची. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, पालीच्या शेपटीत काय पाहून राहिल्या तुमी?"

मी सांगितलं, कोणती पाल कोणाची बहीण, आणि कधी वेगळी झाली.

"कधी वेगळी झाली, हे बी समजते?"

"अंदाजानं. चुका साधारण एका गतीनं साठतात. चुका मोजायच्या. पण घड्याळ लावायला एखादं पक्कं वय लागतं. दगडात सापडलेलं जुनं हाड, नाहीतर समुद्रातून एखादं बेट कधी वर आलं ते वय. त्याच्यावरून गती काढायची. तरी आकडा एक येत नाही, इथपासून तिथपर्यंत असा येतो."

ते बराच वेळ कापूस पिंजत राहिले. मग म्हणाले, "आमचं बी असंच हाये. आमचे काही घरं बाळापूरले, काही बार्शीटाकळीले. कोण कवा फुटून गेला, म्हातारे अंदाजानंच सांगत. पण बाई, तुमी लिहून देता. लिवलेलं लिवलेलं असते."

शिकलेल्या माणसाबद्दल त्यांना भारी आदर. मला तो ओळखीचा होता. आमच्या घरातही तोच होता. माझे आजोबा छप्पन साली दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले. स्वतः अंगठेबहाद्दर, पण बापाला मारून-मुटकून शाळेत घातलं. बाप मला म्हणायचा, शिकलेल्या माणसानं खोटं बोललं तर अडाण्यानं कोणाकडे पाहायचं? हे वाक्य मी भाषणांत बऱ्याचदा वापरलं आहे. टाळ्या मिळतात.

गावामागे पिराची टेकडी होती. फार उंच नव्हती. वर एक हिरवा चबुतरा, एक कडुनिंब, आणि खाली कपारीत पाझरणारं पाणी, मे महिन्यातही. उरुसाला सगळं गाव वर चढायचं, हिंदू-मुसलमान सगळे, मलिदा वाटायचे. त्याच वर्षी तिथं खदान येणार असल्याची बातमी लागली. रस्त्याला गिट्टी हवी होती. शाहीनच्या अब्बांनी गाद्या पोचवता पोचवता घरोघर सह्या आणि अंगठे गोळा केले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की टेकडीवर जगात दुसरीकडे नाही असं काही असलं, आणि ते कागदावर सिद्ध झालं, तर सरकारला विचार करावा लागतो. तेव्हापासून त्यांची आशा आमच्या कुप्यांवर येऊन बसली. मी त्यांना सांगितलं होतं, पालीमुळे खदान थांबेलच असं नाही. ते म्हणाले, "थांबन नाई थांबन. पण आपल्याजवळ काई तरी सांगाले तर पायजे."

आणि आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे.

त्या दिवशी मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घेऊन थेट तिकडे गेले होते. दुपार टळल्यावर आम्ही तीन जागा केल्या. लेण्यांजवळचा खडक, एक माळ आणि शेवटी पिराची टेकडी. प्रत्येक ठिकाणी एक पाल, एक शेपटी, एक कुपी. कुपीत चिठ्ठी टाकायची असते, आणि ती पेन्सिलनं लिहायची असते. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. स्पिरिट शाई धुऊन टाकतं, पेन्सिलला हात लावत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे ओरडून सांगते. पण परीक्षेच्या दिवसांत आम्हा मास्तरांच्या हातात पेन असतं, बोटांना तेच चिकटलेलं असतं. पोरांनी पेन्सिलनं एक ओळ जरी लिहिली तरी आम्ही सकाळपासून खेकसत असतो. शाहीनच्या दोन्ही हातांत पाल होती. ती म्हणाली, "मॅडम, पेन्सिल माह्या पिशवीत हाये. कडेच्या कप्प्यात."

मी म्हटलं, "तू ती नीट धर. माझ्याकडे आहे." आणि परीक्षेचं निळं जेल पेन काढून तिन्ही चिठ्ठ्या मीच लिहिल्या. कुपीवर वरून मार्कर मारला तोही मीच. घाई होती. अकोल्याहून शेवटची बस गाठायची होती.

जूनमध्ये फ्रीज उघडला तेव्हा त्या तीन कुप्यांतलं स्पिरिट फिकट निळं झालं होतं. चिठ्ठ्या कोऱ्या. बुचातून स्पिरिट गळून वरचा मार्करही पुसला गेलेला. आमच्या वहीत तिन्ही जागांची नोंद होती, पण कोणती कुपी कोणत्या जागेची, ते गेलं. मी तिथं फ्रीजचं दार उघडं धरून उभी राहिले. थंड हवा पायांवर येत होती. मग मी पेन्सिलीनं अ, ब, क लिहिलेल्या नव्या चिठ्ठ्या कुप्यांत टाकल्या आणि दार लावलं.

शाहीन म्हणाली, "परत जाऊ मॅडम. एका दिवसाचं तर काम हाये."

एका दिवसाचं काम! पण कॉलेजात तपासणी समिती यायची होती, प्रवेश सुरू झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मी म्हटलं, "मजकूर वाचायला पाठवू, निकाल तर येऊ दे. तिन्ही सारख्याच निघतील बघ." मग पाऊस लागला. मग गणपती आले, गेले. माणूस चूक करतो ती एका मिनिटात. ती दुरुस्त करायला महिने हातात असतात, आणि ते महिने आपण चहा पिण्यात घालवतो.

निकाल दिवाळीनंतर आला. पडद्यावर झाड उघडलं. धारणीच्या पाली एका फांदीवर, पातूरच्या आजूबाजूच्या दुसऱ्या फांदीवर दाटीनं, त्यांत अ आणि क. ब मात्र कुठल्याच घोळक्यात नव्हती. खाली, बुंध्याजवळ, एकटी लांब फांदी. घड्याळ लावून पाहिलं. अंदाज इथपासून तिथपर्यंत होता, पण त्याचं सगळ्यात धाकटं टोक धरलं तरी ही पाल बाकीच्यांपासून वेगळी झाली तेव्हा माणूस नावाचा प्राणी जन्मलाच नव्हता. शाहीन उभीच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम," ती म्हणाली, "हे आपलीच हाये. टेकडीची." मलाही तेच वाटत होतं. वाटून काय उपयोग?

जनसुनावणी आठ दिवसांवर होती. नवी शेपटी आणली तरी तिचा निकाल तेवढ्यात येणं शक्य नव्हतं. मंडपात पंखे लावले होते, गार हवेतही. पुढे साहेब लोक, मागे अख्खं गाव, आणि गावाच्या पहिल्या रांगेत शाहीनचे अब्बा. धुतलेला पांढरा सदरा, भुवया झटकलेल्या. मी उभी राहून झाडाचं चित्र दाखवलं. एवढ्या वर्षांपूर्वी वेगळी झालेली पाल आहे म्हणून सांगितलं. गावानं ऐकलं. अब्बांनी मागे वळून लोकांकडे पाहिलं, घरात पोरगा झाल्यासारखं.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला. शांत आवाजात. "ही ब क्रमांकाची पाल नक्की याच टेकडीची आहे, असं तुम्ही लिहून देता का?"

मी हातातले कागद सारखे केले. मग म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. विद्यार्थिनीकडून लेबल लावताना चूक झाली."

इतकंच. पाच शब्दांचं वाक्य. ते मी कुठून आणलं मला माहीत नाही. कोणी मागितलं नव्हतं. "लेबल पुसलं गेलं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मंडपात आवाज फुटला. कोणीतरी मागून ओरडलं, "आपल्याच टेकडीचं नाव लिवाले विसरली काय वं पोरी!" शाहीननं मान वर केली नाही. तिच्या प्रबंधावर सही माझी व्हायची होती. हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिच्या अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

शाहीननं नंतर काम सोडलं. कारण विचारलं नाही मी. पुढच्या उन्हाळ्यानंतर दुसऱ्या एका पोराला घेऊन मी लेण्यांजवळचा खडक आणि तो माळ पुन्हा पुन्हा पालथा घातला. शेपट्या आणल्या, सगळ्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या लावून. सगळ्या साध्या निघाल्या, अ आणि क सारख्या. म्हणजे ब पिराच्या टेकडीचीच होती. शंभर टक्के म्हणता येणार नाही, पण स्वतःलाच फसवायची आता सोय नाही. तोवर टेकडीला तारेचं कुंपण होतं आणि दुपारी भोंगा वाजला की सुरुंग उडायचे. कपारीतलं पाणी आता खड्ड्यात साठतं, हिरवट. चबुतरा हलवून रस्त्याच्या कडेला बांधून दिला. आमच्या फ्रीजमध्ये त्या पालीचं शेपटीचं टोक आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. तिला नाव देता येत नाही. नाव द्यायला गाव लागतं, अख्खं शरीर लागतं. जगात तिचं तेवढंच उरलं असावं.

वानखडे सरांनी सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवार होता, मी सकाळची बस धरली. अकोल्याला बदलली. वाटभर पळसाची फुलं गळून पडलेली आणि शेतं नांगरून उताणी. मनाशी घोकत होते, आधी तिला सांगायचं, मग तिच्या अम्मीसमोर, मग गावातल्या चार लोकांसमोर. लिहूनही नेलं होतं. आम्हा मास्तरांना लिहून नेल्याशिवाय काही जमत नाही.

शाहीन आता पातूरच्या एका शाळेत शिकवते. घरीच होती. छपराखाली कापूस नव्हता, एक मोटरसायकल उभी होती. मला पाहून तिनं ओढणी सारखी केली, खुर्ची दिली. मी बसले आणि न थांबता सगळं बोलले. चिठ्ठ्या मी लिहिल्या, पेन माझं, चूक माझी, खोटं माझं, आणि ते आता मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मले हे कावून सांगून राहिल्या? मी तं तिथंच होती."

"तुझ्या अब्बांना..."

"अब्बाले मी सांगतलं होतं. त्याच दिवशी, घरी आल्यावर." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यायनं ऐकलंच नाई. म्हणे, बाई कायले खोटं बोलतीन? एवढ्या शिकलेल्या बाई. आपली चूक दुसऱ्यावर ढकलते म्हणे मी. टेकडी गेली त्याच्यापरस त्यायले हे जास्त लागलं. मंग सहा वर्सं माह्यासंग कामापुरतंच बोलले. दवाखान्यात बी. मी पाणी पाजो, तं दुसरीकडं पायत."

मी म्हटलं, "मी अम्मींना सांगते. आत्ता. तुझ्यासमोर."

"नाई." इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. "आता नाई. अम्मी त्यायच्या नावानं रोज दुआ मांगते. पोरीले नाहक छळलं आन् तसाच गेला, हे तिले आता सांगता? मंग तिनं काय करावं? त्यायले उठवून माफी मांगाले लावावं?"

मी कागद पर्समध्ये घातला. बाहेर दुपारचा भोंगा झाला. मग जमीन थरारली आणि कपाटावरची भांडी हलकीच वाजली. शाहीननं तिकडे लक्षही दिलं नाही.

तिची अम्मी आतून आली. हातात रूहअफजाचा पेला. म्हातारी झाली होती, पांढरी ओढणी. मी उठून उभी राहिले. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"इत्ती धूप में आए आप," ती म्हणाली. "उस टाइम हमारी बच्ची से गलती हो गई मॅडम, आपकू भी सबके सामने नीचे देखना पड़ा. इसके अब्बा को आखिर तक उसका मलाल था. आप दिल में मत रखो. इसे माफ कर दो."

मी शाहीनकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिनं मान हलवली, किंचित, नाही म्हणून.

"कोई बात नहीं, भाभी," मी म्हटलं. "माफ किया."